कशाच्या तुलनेत? बालगुन्हेगार, कुटुंब आणि उपचारांच्या परीक्षेचा इतिहास

१/
१९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यात काही शे मुलांचे भवितव्य नाणेफेकीवर ठरले. केंब्रिज आणि सॉमरव्हिल या शेजारच्या दोन गावांतील मुलांच्या जोड्या लावल्या होत्या. वय, बुद्धी, घरची स्थिती आणि स्वभाव या बाबतींत जोडीतील दोन्ही मुले एकमेकांना जुळणारी होती. नाणे उडवले जाई. एका मुलाला पुढे वर्षानुवर्षे मदत मिळे, दुसऱ्याला काहीच नाही. मुलांनी गुन्हेगारीकडे वळू नये, एवढाच हेतू. सुमारे चार दशकांनी जो निकाल हाती आला, त्याने समाजकार्याचे क्षेत्र हादरले.

२/
मूल गुन्हा करते, तेव्हा सुधारायचे कुणाला? मुलाला, की ज्या घरात ते वाढते त्या घराला? गेल्या शतकात या प्रश्नाला ‘कुटुंबाला’ असे उत्तर देणाऱ्या अनेक उपचारपद्धती निर्माण झाल्या. परंतु त्यांच्या इतिहासात दुसरा एक प्रश्न अधिक कसोटीचा ठरला: उपचार लागू पडला, हे कशावरून म्हणायचे? हा थ्रेड प्रामुख्याने या दुसऱ्या प्रश्नाचा आहे.

३/
सुरुवात शिकागोपासून. १८९९ साली इलिनॉय राज्याने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालय स्थापन करणारा कायदा केला. ज्युलिया लॅथ्रोप, लूसी फ्लॉवर यांसारख्या समाजसुधारक स्त्रियांचा त्यामागे मोठा वाटा होता. तोवर दहा-बारा वर्षांचा मुलगाही प्रौढ कैद्यांबरोबर कोठडीत पडे. नव्या न्यायालयाची भूमिका शिक्षकाची किंवा पालकाची असावी, अशी कल्पना होती. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरी जाई, आईवडिलांशी बोले, शाळेत चौकशी करी. कायद्याच्या कारभारात मुलाचे घर प्रथमच ठळकपणे आले ते येथे.

४/
दहा वर्षांनी, १९०९ मध्ये, विल्यम हीली या वैद्यकाने याच न्यायालयाच्या जोडीने मुलांच्या मानसिक तपासणीचे केंद्र सुरू केले. पुढे हीली बॉस्टनला गेले आणि तेथील बाल न्यायालयाला सल्ला देणाऱ्या क्लिनिकचे प्रमुख झाले. तपासणी सखोल असे, अहवाल तपशीलवार असत, शिफारशी सुविचारित असत. हे सारे उपयोगी पडत असणार, याविषयी कुणाला शंका नव्हती.

५/
ती शंका शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या हार्वर्डमधील संशोधक दांपत्याने घेतली. बॉस्टनच्या न्यायालयाने ज्यांना या क्लिनिककडे पाठवले होते, अशा हजार मुलांचा त्यांनी माग काढला. १९३४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पाच वर्षांत सुमारे ८८ टक्के मुलांनी पुन्हा गुन्हा केला होता. आकडा धक्कादायक होता, पण त्यात एक उणीव होती. क्लिनिक नसते तर हेच प्रमाण किती असते? तुलनेला दुसरा गटच नव्हता. त्यामुळे क्लिनिक निरुपयोगी ठरले असेही म्हणता येत नव्हते आणि उपयोगी ठरले असेही नाही.

६/
याच दांपत्याने १९५० मध्ये दुसरा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५०० बालगुन्हेगार आणि त्यांच्याशी जुळणारी, गुन्ह्याची नोंद नसलेली ५०० मुले यांची तुलना होती. दोन्ही गट गरीब वस्त्यांतलेच होते. त्यांना वेगळे करणाऱ्या गोष्टींत घरातल्या गोष्टी फार ठळक दिसल्या. मुलावर लक्ष कोण ठेवते? शिस्त सुसंगत आहे, की आज मार आणि उद्या दुर्लक्ष असा प्रकार आहे? आईवडिलांचा मुलाशी जिव्हाळा किती? कुटुंबावर काम करण्याच्या कल्पनेला येथे आधार मिळाला. मात्र कारण घरात दिसले म्हणून घरावरचा कोणताही उपाय आपोआप योग्य ठरत नाही.

७/
आता पुन्हा त्या नाणेफेकीकडे. हा प्रयोग उभा केला तो डॉ. रिचर्ड कॅबट यांनी. रुग्णाचा आजार समजायचा तर त्याचे घर आणि त्याची मिळकतही समजली पाहिजे, असे मानणारे हे डॉक्टर. १९०५ साली मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये समाजसेवा विभाग सुरू करण्याचे श्रेय त्यांचेच. ग्लूक दांपत्याच्या निष्कर्षांनी ते अस्वस्थ झाले होते. मदत अधिक लवकर सुरू झाली आणि अधिक काळ टिकली तर? वैद्यकाच्या सवयीने त्यांनी उपचारासोबत परीक्षेचीही व्यवस्था केली: एकूण ५०६ मुले, २५३ जोड्या.

८/
मदतीच्या गटातील मुलांच्या घरी समुपदेशक सरासरी महिन्यातून दोनदा जात आणि हे सरासरी साडेपाच वर्षे चालले. घरातल्या अडचणींत सल्ला, अभ्यासात शिकवणी, गरजेनुसार डॉक्टर वा मानसोपचार, खेळ, सहली, उन्हाळी शिबिरे. आजच्या कोणत्याही सरकारी योजनेला हेवा वाटावा असा हा उपक्रम होता. कॅबट १९३९ मध्येच निवर्तले. काम १९४५ पर्यंत चालू राहिले. १९५१ साली आलेल्या पहिल्या मोठ्या अहवालात दोन्ही गटांतील गुन्ह्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. ‘फळ दिसायला वेळ लागेल,’ अशी आशा तरीही शिल्लक होती.

९/
तो वेळ जोन मॅककॉर्ड या संशोधिकेने दिला. १९७५ नंतर त्यांनी या सर्वांचा पुन्हा शोध घेतला. मुले आता पन्नाशीकडे झुकलेले पुरुष होते. मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांनी सांगितले की, त्या मदतीचा आपल्याला लाभ झाला. काहींना आपले समुपदेशक तीस वर्षांनंतरही प्रेमाने आठवत होते. एवढ्यावर थांबले असते, तर हा प्रयोग यशस्वी म्हणून पाठ्यपुस्तकांत गेला असता.

१०/
पण मॅककॉर्ड यांनी न्यायालयांच्या, रुग्णालयांच्या आणि मृत्यूच्या नोंदीही तपासल्या. १९७८ साली त्यांनी मांडलेले चित्र वेगळेच होते. एकाहून अधिक गुन्हे, मद्यासक्तीची लक्षणे, गंभीर मानसिक आजार, ताणाशी निगडित विकार आणि अकाली मृत्यू, या बाबतींत मदत मिळालेला गट न मिळालेल्या गटापेक्षा वाईट स्थितीत होता. मदतीने फायदा झाला नाही, एवढेच दिसले असते तरी निराशा झाली असती. येथे तर मदतीने अपाय झाल्याची चिन्हे होती.

११/
असे का झाले असावे? मुलांना बाहेरच्या आधाराची सवय लागली आणि तो अचानक सुटला, ही एक शक्यता मॅककॉर्ड यांनी मांडली. पुढे १९९९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह आणखी एक धागा दाखवला: ज्यांना उन्हाळी शिबिरांना एकापेक्षा अधिक वेळा पाठवले गेले, त्यांच्यात अपाय विशेष दिसत होता. वाट चुकू शकणारी मुले एकत्र आणली की ती एकमेकांचे गुरू होतात, हा त्यातून निघणारा अर्थ. नाणेफेकीने निवडलेला तुलनागट नसता, तर यातले काहीही कधी कळले नसते. त्या पुरुषांची कृतज्ञता खरी होती, आणि नोंदीही खऱ्या होत्या.

१२/
दरम्यान कुटुंबाकडे पाहण्याची दृष्टीही बदलत होती. न्यूयॉर्क राज्यातील विल्टविक या मुलांच्या निवासी शाळेत साल्वादोर मिनुचिन हे अर्जेंटिनात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ काम करीत. शाळेत सुधारलेला मुलगा घरी परतला की पुन्हा पूर्ववत होतो, हा तेथला अनुभव. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सबंध कुटुंबालाच एकत्र बसवून उपचार सुरू केले. एकतर्फी काचेआडून निरीक्षण चाले. घरात शब्द कुणाचा चालतो, कोण कुणाच्या बाजूने उभे राहते, याचा अभ्यास होई. १९६७ साली हे काम पुस्तकरूपाने आले. रुग्ण आता एकटा मुलगा नव्हता. नात्यांची घडण हाच उपचाराचा विषय झाला.

१३/
परंतु काळ प्रतिकूल होता. १९७४ साली रॉबर्ट मार्टिन्सन यांनी गुन्हेगारांच्या सुधारणेविषयीच्या २३१ अभ्यासांचा आढावा घेऊन एक लेख लिहिला. त्याचे सार लोकांनी दोन शब्दांत लक्षात ठेवले: ‘काहीच चालत नाही.’ पुढे १९७९ मध्ये मार्टिन्सन यांनी स्वतःच आपले मत बरेच सौम्य केले, पण तोवर ते दोन शब्द राजकारणाच्या उपयोगी पडले होते. सुधारणेऐवजी कैद, हा विचार अमेरिकेत बळावला. कुटुंबावर काम करणाऱ्यांना आता नुसत्या कळकळीवर निभावून नेता येणार नव्हते. पुरावा लागणार होता.

१४/
तो पुरावा युटा राज्यातून येऊ लागला होता. १९७३ साली जेम्स अलेक्झांडर आणि ब्रूस पार्सन्स यांनी एक तुलना प्रसिद्ध केली. बाल न्यायालयात आलेल्या मुलांची ८६ कुटुंबे चार गटांत विभागली. पहिल्या गटाला त्यांची नवी, अल्पकालीन पद्धत. हीच पुढे ‘फंक्शनल फॅमिली थेरपी’ म्हणून प्रसिद्ध झाली. दुसऱ्याला, भावना मोकळेपणी बोलू देणारे आणि दिशा न देणारे कौटुंबिक समुपदेशन. तिसऱ्याला, मनोविश्लेषणाच्या वळणाचे कौटुंबिक समुपदेशन. चौथ्या गटाला काहीच नाही.

१५/
सहा ते अठरा महिन्यांत पुन्हा न्यायालयात आलेल्यांचे प्रमाण असे: नव्या पद्धतीत २६ टक्के, भावनाप्रधान समुपदेशनात ४७, उपचार न मिळालेल्यांत ५० आणि मनोविश्लेषणाच्या वळणाच्या समुपदेशनात ७३ टक्के. हे आकडे सावकाश वाचावेत. चारपैकी तीन गटांत उपचार ‘कौटुंबिक’च होते. त्यांपैकी एक लागू पडला, एक न करण्याच्या बरोबरीचा ठरला आणि एक न करण्यापेक्षाही वाईट दिसला. ‘कुटुंबासह उपचार’ हे शब्द गुणाची हमी देत नाहीत, हे इतक्या स्पष्टपणे पूर्वी क्वचितच दिसले होते.

१६/
नव्या पद्धतीत वेगळे काय होते? एकमेकांना दोष देण्याचे चक्र आधी थांबवणे, घरात कुणाच्या कोणत्या वागण्याने काय साधते ते ओळखणे, मग स्पष्ट बोलणे, वाटाघाट, घरचे नियम आणि त्यांचा मोबदला यांचा सराव. १९७७ साली याच कुटुंबांतील भावंडांची नोंद तपासली गेली. नव्या पद्धतीच्या गटात २० टक्के भावंडे न्यायालयात आली होती, उपचार न मिळालेल्या गटात ४०. ज्याच्यावर उपचार झालेच नव्हते त्या भावंडापर्यंत परिणाम पोहोचला, म्हणजे बदल घरात झाला होता. मात्र मनोविश्लेषणाच्या गटात ११ आणि उपचाराविना असलेल्या गटात १० च कुटुंबे होती, हे विसरू नये. एखाददुसऱ्या मुलाने टक्केवारी बरीच हलते.

१७/
त्याच सुमारास ऑरेगनमध्ये जेराल्ड पॅटरसन घराघरांत जाऊन क्षणाक्षणाची नोंद घेत होते. आई काही सांगते, मूल आरडाओरडा करते, आई माघार घेते. मूल शिकते की आरडाओरडा फळतो. पुढच्या वेळी आई ओरडते, मूल ऐकते. आईही तेच शिकते. दोघे मिळून बळजबरीची भाषा पक्की करतात, हे त्यांचे सूत्र. त्यातून पालकांना शिकवण्याच्या पद्धती आल्या आणि १९८३ पासून पॅट्रिशिया चेंबरलेन यांचा उपक्रम आला: ज्या मुलांना घरी ठेवणे शक्य नाही, त्यांना संस्थेत न पाठवता प्रशिक्षित पालक-कुटुंबात एकेकटे ठेवायचे आणि मूळ कुटुंबालाही सोबतच तयार करायचे.

१८/
१९९८ साली चेंबरलेन आणि जॉन रीड यांनी ७९ मुलांची तुलना प्रसिद्ध केली. अर्धी अशा कुटुंबांत होती, अर्धी सामूहिक निवासी संस्थांत. नंतरच्या वर्षभरात गुन्ह्यांच्या नोंदी कुटुंबातील मुलांच्या नावे सरासरी २.६, तर संस्थेतील मुलांच्या नावे ५.४. पुढच्या विश्लेषणात या फरकाची दोन मोठी कारणे दिसली: प्रौढांची देखरेख व सुसंगत शिस्त, आणि वाईट संगतीपासून अंतर. मॅककॉर्ड यांच्या शिबिरांची आठवण येथे होते. संस्था म्हणजे, एका अर्थी, कधी न संपणारे शिबिरच.

१९/
सर्वाधिक गाजलेली पद्धत मात्र ‘मल्टिसिस्टेमिक थेरपी’. स्कॉट हेंगलर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मेम्फिसमध्ये तिचा पाया घातला. मूल, घर, मित्र, शाळा आणि वस्ती ही एकात एक गुंतलेली वर्तुळे आहेत, हा तिचा सिद्धांत. एका उपचारकाकडे चार ते सहाच कुटुंबे असतात. काम दवाखान्यात न होता घरी होते. गरज पडल्यास रात्रीअपरात्रीही उपचारक उपलब्ध असतो. कालावधी तीन ते पाच महिने. रात्रपाळी करणाऱ्या आईचा मुलगा रात्री कुठे जातो हा प्रश्न असेल, तर त्या वेळी लक्ष कोण ठेवेल, मावशी की शेजारीण, हे ठरवणे हाही उपचाराचाच भाग.

२०/
चार्ल्स बोर्डुइन यांनी मिसुरी राज्यात १७६ गंभीर बालगुन्हेगारांवर या पद्धतीची परीक्षा घेतली. तुलनेला होते मुलाचे एकट्याचे समुपदेशन. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात चार वर्षांनंतर पुन्हा अटक झालेल्यांचे प्रमाण २६ टक्के विरुद्ध ७१ टक्के होते. सुमारे चौदा वर्षांनंतर ते ५० विरुद्ध ८१ झाले. जवळजवळ बावीस वर्षांनंतर, गंभीर गुन्ह्यांपुरते पाहता, ३५ विरुद्ध ५५. अंतर कमी झाले, पण मिटले नाही. ‘काहीच चालत नाही’ या घोषणेला यापेक्षा बळकट उत्तर मिळणे कठीण होते.

२१/
मग प्रसार सुरू झाला. १९९६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातील डेल्बर्ट एलियट यांनी कसोटीला उतरलेल्या उपक्रमांची निवडक यादी करण्यास प्रारंभ केला. वरील तिन्ही पद्धतींना तीत स्थान मिळाले. पद्धतींची हस्तपुस्तके आली, प्रशिक्षण आले, परवाने आले. सरकारांनी त्या विकत घ्यायला सुरुवात केली. आणि तेथेच पुढचा प्रश्न उभा राहिला: विद्यापीठातील निर्मात्याच्या हाताखाली जे साधले, ते जिल्ह्याच्या कार्यालयात साधेल का?

२२/
वॉशिंग्टन राज्याने हे मोठ्या प्रमाणावर तपासले. तेथे ९१७ कुटुंबांचा अभ्यास झाला; फंक्शनल फॅमिली थेरपी मिळालेल्यांची तुलना नेहमीच्या परिवीक्षेतील मुलांशी होती. एकूण निकालात लक्षणीय फरक नव्हता. मग उपचारकांची विभागणी केली गेली. पद्धत नीट राबवणाऱ्यांकडील मुलांत गंभीर गुन्ह्यांची पुनरावृत्ती १७ टक्के, परिवीक्षेतील मुलांत २७ आणि पद्धत नीट न राबवणाऱ्यांकडील मुलांत ३२. नाव तेच, हस्तपुस्तकही तेच. दारात कोणता उपचारक येतो, यावर मुलाचे नशीब फिरत होते.

२३/
दुसरी शंका परीक्षकाविषयीची. २००४ साली मल्टिसिस्टेमिक थेरपीच्या अभ्यासांचा एक आढावा आला. बोर्डुइन स्वतः त्याच्या लेखकांपैकी एक होते. निर्मात्यांच्या देखरेखीखाली विद्यार्थी-उपचारकांनी केलेल्या अभ्यासांत परिणामाचे माप ०.८१, तर प्रत्यक्ष सेवाकेंद्रांतील अभ्यासांत ०.२६. लगेच २००५ मध्ये ज्युलिया लिटेल आणि सहकाऱ्यांनी आठ अभ्यास कडक निकषांनी तपासले आणि ही पद्धत इतर सेवांपेक्षा सरस असल्याचे खात्रीने म्हणता येत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यावर झालेला वाद कडवट होता. परंतु मुद्दा रास्त होता: स्वतःच्या शिष्याचा पेपर स्वतः तपासणाऱ्या गुरूविषयी जी काळजी घ्यावी, ती येथेही हवी.

२४/
अमेरिकेबाहेरचे निकाल आणखी बोलके आहेत. कॅनडातील ऑन्टारिओत ४०९ मुलांवर परीक्षा झाली. तीन वर्षांनंतर फरक नाही. स्वीडनमध्ये १५६ मुले, फरक नाही. शेजारच्या नॉर्वेत १०० मुले. तेथे मात्र लाभ दिसला. स्वीडिश संशोधकांनी एक स्पष्टीकरण सुचवले: त्यांच्याकडे मुलाला बाल कल्याण यंत्रणेकडून मिळणारी नेहमीची मदतच बरी आहे, त्यामुळे तिच्यापुढे नव्या पद्धतीला उठून दिसता येत नाही. नॉर्वेची यंत्रणाही तशीच समृद्ध आहे, त्यामुळे हे स्पष्टीकरण पूर्णपणे पुरत नाही. तरी प्रश्न योग्य जागी बोट ठेवतो.

२५/
इंग्लंडने हाच प्रश्न धसास लावला. आधी लंडनमधील १०८ कुटुंबांच्या अभ्यासात, २०११ साली, मल्टिसिस्टेमिक थेरपीचा लाभ दिसला होता. मग नऊ ठिकाणी, ६८४ कुटुंबांसह, मोठी परीक्षा झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार अठरा महिन्यांनंतर घराबाहेर ठेवावे लागलेल्या मुलांचे प्रमाण या पद्धतीत १३ टक्के, नेहमीच्या सेवेत ११ टक्के. म्हणजे फरक नाहीच. २०२० च्या पाठपुराव्यात गुन्ह्यांतही फरक आढळला नाही. फंक्शनल फॅमिली थेरपीच्या १११ मुलांवरील ब्रिटिश परीक्षेतही दोन्ही गट सारखेच सुधारले.

२६/
‘दोन्ही गट सुधारले’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. १९९८ च्या कायद्यापासून इंग्लंडमध्ये पोलीस, समाजकार्यकर्ते, शिक्षण व आरोग्य खाते यांची संयुक्त पथके बालगुन्हेगारांसाठी काम करतात. म्हणजे नव्या उपचारांची स्पर्धा रिकाम्या मैदानाशी नव्हती. बऱ्यापैकी काम करणाऱ्या व्यवस्थेशी होती. ऑरेगनमध्ये तुलनेला सामूहिक संस्था होती, मिसुरीत एकट्याचे समुपदेशन. प्रतिस्पर्धी बदलला की विजेत्याची उंचीही बदलते. शिवाय पौगंडावस्थेतील बरीच मुले वय वाढेल तशी गुन्ह्यांपासून आपोआप दूर होतात. तुलनागट नसेल, तर वयाने केलेल्या कामाचे श्रेय उपचार घेऊन जातो.

२७/
मग सर्वांत उत्तम पद्धत कोणती? २०१२ साली स्कॉट बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी चार प्रमुख कौटुंबिक पद्धतींच्या २४ परीक्षा एकत्र तोलल्या. नेहमीच्या सेवेपेक्षा लाभ होता, पण माफक: ०.२१. इतर उपचारांपेक्षाही माफकच: ०.२६. या चौघींत श्रेष्ठ कोण, हे मात्र ठरवता आले नाही. तेवढा पुरावाच नव्हता. जाहिरातींत दिसणारा विजेता तराजूवर दिसत नाही. दिसतात त्या समान गोष्टी: घराला दोष न देता सोबत घेणे, देखरेख वाढवणे, शिस्तीत सुसंगती आणणे, संगत बदलणे आणि हे सर्व नीट राबवणे.

२८/
या इतिहासाची एक शाखा आपल्या दारापर्यंत येते. शिकागोतील विचाराचे पडसाद इंग्लंडच्या १९०८ च्या कायद्यात उमटले आणि त्याच वळणावर १९२४ चा बॉम्बे चिल्ड्रन ॲक्ट झाला. १९२७ साली मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. डोंगरीचे बालगृह आजही अनेकांना ठाऊक आहे. आजचा २०१५ चा बाल न्याय अधिनियम कुटुंबाची जबाबदारी हे तत्त्व मानतो, संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय समजतो आणि मुलासह पालकांच्या समुपदेशनाची तरतूद करतो.

२९/
कायद्याच्या पुस्तकात ‘समुपदेशन’ हा एकच शब्द आहे. परंतु युटातील त्या चार आकड्यांत, २६, ४७, ५० आणि ७३, त्याच शब्दाचे तीन वेगळे अर्थ दडले होते. बाल न्याय मंडळासमोर उभ्या असलेल्या मुलाला आणि त्याच्या आईला यांपैकी कोणता अर्थ मिळतो, तो कोण देतो, आणि त्याचे पुढे काय झाले याची नोंद कोण ठेवतो, हे प्रश्न तरतुदीने सुटत नाहीत.

३०/
अखेरीस पुन्हा मॅसेच्युसेट्स. कॅबट यांची माया खोटी नव्हती. त्या समुपदेशकांचे कष्टही खोटे नव्हते आणि तीस वर्षांनी व्यक्त झालेली कृतज्ञताही खोटी नव्हती. तरीही मुलांचे नुकसान झाले असावे. ते कळू शकले, कारण कॅबट यांनी मदतीइतकाच प्रामाणिकपणा परीक्षेतही दाखवला होता. बालगुन्हेगारांच्या उपचारांनी शंभर वर्षांत जे मिळवले, त्यात हीच शिकवण सर्वांत मोलाची. चांगल्या हेतूलाही एक प्रश्न विचारला गेला पाहिजे: कशाच्या तुलनेत?

थ्रेड समाप्त.